दारावरचा डोळा आणि शेजारचे कान

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि पुण्यातील कुटुंबे गावी गेली, की बंद सदनिकेचा कडी-कोयंडा उचकटून ऐवज लांबविल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात. या बातम्यांचा मजकूर वर्षानुवर्षे फारसा बदललेला नाही. बदलले आहे ते त्यांचे शेवटचे वाक्य. पूर्वी 'पोलिस अधिक तपास करीत आहेत' असे त्यात असे. आता 'परिसरातील सीसीटीव्ही चित्रणाच्या आधारे तपास सुरू आहे' असे असते. या वाक्याने मध्यमवर्गाच्या मनात एक समजूत दृढ केली आहे. घराला कॅमेरा बसविला म्हणजे घर सुरक्षित झाले, अशी ती समजूत होय. मग एखाद्या रविवारी निवृत्त शिक्षक किंवा बँकेतील कारकून बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जातो, दुकानदार चार कॅमेऱ्यांचा संच पुढे ठेवतो, आणि चर्चा होते ती चित्र किती स्पष्ट दिसते आणि ते मोबाइलवर दिसते की नाही एवढीच. वस्तुतः विचारावयाचा पहिला प्रश्न तो नव्हेच. अपरात्री घरात कोणी शिरले तर धावून कोण येणार, हा खरा प्रश्न आहे.

कॅमेरा हा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे. तो चोराला अडवीत नाही. चोर कसा आला आणि कसा गेला हे तो नंतर सांगतो. त्याच्या धाकाने काही चोर मागे फिरत असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या धाकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. सार्वजनिक जागी बसविलेल्या कॅमेऱ्यांविषयी चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांत जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि जेथे कॅमेऱ्याचे चित्र माणूस प्रत्यक्ष बसून पाहत होता, जोडीला इतरही उपाय योजले होते, तेथे हा परिणाम अधिक होता. म्हणजे गुन्हेगार भितो तो भिंगाला कमी आणि भिंगामागे जागा असलेल्या माणसाला अधिक.

दाराबाहेर कोण उभे आहे हे न कळण्याची किंमत पुण्याइतकी क्वचितच एखाद्या शहराने मोजली असेल. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातील पती, पत्नी आणि मुलगा यांचे खून झाले. महिनाभराने, १ डिसेंबरच्या रात्री, भांडारकर रस्त्यावरील 'स्मृती' या बंगल्याची घंटा वाजली, आणि घरातील तरुण नातवाने दार उघडले. त्या रात्री संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणारी वृद्धा अशा पाचजणांना प्राण गमवावे लागले. कडी उचकटली गेली नव्हती, खिडकीचे गज कापले गेले नव्हते. मारेकरी दारातून आले आणि दार आतून उघडले गेले. त्या हिवाळ्यात अंधार पडताच शहरातील रस्ते ओस पडत. चौघा गुन्हेगारांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. परंतु घंटा वाजली तरी 'कोण आहे?' असे विचारल्यावाचून दार उघडावयाचे नाही, ही त्या दिवसांत लागलेली सवय पुष्कळ घरांतून आजही टिकून आहे. त्याच मालिकेतील, नोव्हेंबर १९७६ मधला शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यातला प्रयत्न मात्र फसला. कारण तेथे घरच्या माणसांनी प्रतिकार केला आणि हल्लेखोरांना पळ काढावा लागला.

घरगुती सुरक्षा-यंत्रणेचा उगमही याच प्रश्नातून झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेला रात्री-अपरात्री घरात एकटीने राहावे लागे, आणि त्या वस्तीत पोलिस वेळेवर येतील याचा भरवसा नव्हता. तिने पतीच्या साहाय्याने रचलेल्या यंत्रणेला १९६९ सालच्या डिसेंबरमध्ये पेटंट मिळाले. दाराला उंच-सखल अंतरावर छिद्रे, त्यांतून पाहणारा कॅमेरा, आत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय, आणि मदतीसाठी हाक घालणारे बटण, असे तिचे स्वरूप होते. पाहणे, बोलणे आणि हाक मारणे ही तिन्ही कामे त्या बाईने एकत्र गुंफली होती. आजचा ग्राहक त्यांतील पाहणे तेवढे विकत घेतो आणि हाक मारण्याचे विसरतो.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करणे अगत्याचे आहे. ज्याच्यापाशी पैसा मोजका आहे त्याने तो प्रथम दारावर खर्च करावा. चौकटीत खोलवर बसणारे कुलूप, बाहेरून जाळीचे दार, आतून साखळी, दाराला भिंग आणि जिन्यात रात्रभर जळणारा दिवा या गोष्टी जुन्या आहेत; पण कडी-कोयंडा उचकटून होणाऱ्या चोरीला त्याच प्रथम अडवितात. पेठांतील वाड्यांना दिंडी आणि अडसर असे, तो काही शोभेसाठी नव्हे.

त्यानंतर धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा घ्यावी. तिचे तत्त्व साधे आहे. दाराच्या चौकटीवर एक छोटी कळ आणि दारावर एक चुंबक बसवितात. दार उघडून चुंबक दूर गेला की कळ सुटते आणि भोंगा वाजतो. खोलीत बसविण्याचा संवेदक माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतो. मात्र मांजर, हलणारा पडदा किंवा कडक ऊन यांनीही तो फसू शकतो, म्हणून त्याची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. कारण दोनदा खोटा वाजलेला भोंगा तिसऱ्यांदा कोणी मनावर घेत नाही. लांडगा आला रे आला, अशी त्याची गत होते. यंत्रणा विकत घेताना तीन गोष्टी पारखाव्यात. वीज गेल्यावर ती स्वतःच्या बॅटरीवर किती तास चालते. इंटरनेट बंद पडले तरी सिमकार्डाच्या आधारे फोन लावते की नाही. आणि भोंग्याचा आवाज शेजारच्या बंद दाराआड पोहोचतो की नाही.

या तिसऱ्या गोष्टीपाशी प्रश्न विजेच्या तारा सोडून माणसांकडे वळतो. कोथरूड, औंध, सहकारनगर या भागांत अशी असंख्य घरे आहेत, की जेथे केवळ वृद्ध आई-वडील राहतात आणि मुले परदेशी आहेत. दारावरचा कॅमेरा कॅलिफोर्नियातील मुलाच्या मोबाइलशी जोडलेला असतो. पुण्यात रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा तो तेथे कचेरीत असतो. मोबाइल वाजला तरी तो काय करू शकणार? फार तर फोन. आणि तोही कोणाला करावयाचा हे आधी ठरलेले नसते. ११२ हा मदतीचा क्रमांक भारतातून फिरविण्याचा. तो त्याला तेथून फिरवता येत नाही. याउलट त्याच मजल्यावरील दोन शेजारी, इमारतीचा रखवालदार आणि जवळ राहणारा एखादा नातेवाईक यांचे क्रमांक यंत्रणेत घातलेले असतील, तर तेच यंत्र उपयोगी ठरते. इशारा मिळताच कोणी दिवे लावावयाचे, कोणी पोलिसांना फोन करावयाचा आणि एकट्याने दारात जावयाचे नाही, हे गृहरचना संस्थेच्या एका सभेत ठरू शकते. त्याला पैसे पडत नाहीत. परंतु त्यासाठी शेजाऱ्याचे नाव ठाऊक असावे लागते, आणि आजच्या सदनिका-संस्कृतीत महाग झालेली वस्तू नेमकी हीच आहे.

एवढे झाल्यावर कॅमेऱ्याचा विचार करावा. आणि तोही साक्षीदाराची निवड करावी तसा. छताजवळ उंच टांगलेला कॅमेरा डोक्याचा भांग दाखवितो, चेहरा नव्हे. चार साधे कॅमेरे चहूकडे लावण्यापेक्षा प्रवेशदारापाशी, येणाऱ्याचा चेहरा समोरून टिपेल असा एकच बरा कॅमेरा अधिक मोलाचा ठरतो. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करू लागला तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची तबकडी जेमतेम अकरा-बारा दिवस पुरते, त्यानंतर जुने चित्रण पुसून त्यावर नवे उमटते. महिनाभर गावी जाणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. चित्रण साठविणारी पेटी दूरदर्शन संचाशेजारी ठेवणे म्हणजे चोराच्या हाती साक्षीदार सोपविणे होय. ती कुलूपबंद कपाटात असावी, आणि यंत्रातील घड्याळ बरोबर असावे.

साक्षीदार म्हणून कॅमेरा किती अपुरा पडतो, हे याच शहरात दिसून आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. परिसरातील कॅमेऱ्यांच्या चित्रणातून मारेकऱ्यांचे चेहरे ओळखता आले नाहीत. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली, ती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीवर विसंबून. त्या साक्षीदारांत महापालिकेचा एक सफाई कामगार होता. रस्त्यावरच्या एका सामान्य माणसाचे डोळे यंत्रांपेक्षा न्यायाच्या अधिक कामी आले.

चित्रण स्पष्ट असले तरी ते पुरावा म्हणून उभे राहीलच असेही नाही. जालना मतदारसंघातील २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की मूळ यंत्रच हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. एरवी चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. तेव्हा घरफोडी झाल्यावर चित्रणाचे तुकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवीत बसण्यापेक्षा, मूळ पेटीला हात न लावता ती पोलिसांच्या स्वाधीन करणे शहाणपणाचे.

या साक्षीदाराचा आणखी एक दोष असा, की तो फितूर होऊ शकतो. कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द न बदललेले लाखो कॅमेरे आणि तत्सम उपकरणे काबीज करून २०१६ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडण्यात आली. २०२५ सालच्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांचे चित्रण बाहेर विकले जात असल्याचे उघडकीस आले. अमेरिकेतील 'रिंग' या कॅमेरा-कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातील खाजगी चित्रण पाहता येत होते, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवल्यानंतर २०२३ साली कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. भारत सरकारनेही एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी बंधनकारक केली आहे. कॅमेरा घेताना ही चाचणी त्या नमुन्याने उत्तीर्ण केली आहे काय, हे दुकानदाराला विचारावे. घरी आणताच सांकेतिक शब्द बदलावा. आणि बसवून देणाऱ्या कारागिराला तो कळू देऊ नये.

यातूनच मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. अरुंद जिन्यात समोरासमोर दारे असतात. आपल्या उंबऱ्यासाठी लावलेला कॅमेरा समोरच्याच्या दिवाणखान्यात डोकावतो. ज्याच्या मदतीच्या भरवशावर भोंगा बसवावयाचा, त्याच्याच घरावर नजर रोखावयाची, यासारखा आत्मघात नाही. घराच्या राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीवाचून कॅमेरे चालविणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग होय, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वृद्ध आई-वडिलांच्या खोलीत काळजीपोटी कॅमेरा लावणाऱ्या मुलांनीही त्यांची अनुमती विचारली पाहिजे. आयुष्यभर वर्गात शिस्त राखलेल्या शिक्षकाला म्हातारपणी स्वतःच्याच घरात कोणीतरी अहोरात्र पाहत आहे असे वाटत राहावे, ही सुरक्षितता नव्हे.

कॅमेरा घेऊच नये असा याचा अर्थ नाही. दारावर तो जरूर असावा, भोंगाही असावा. परंतु विकत घेण्यापूर्वी एक परीक्षा घरच्याघरी करून पाहावी. ती फुकट आहे. एखाद्या दुपारी शेजाऱ्याचे दार ठोठावून विचारावे, 'रात्री आमच्याकडे भोंगा वाजला तर तुम्हाला ऐकू येईल का?' या प्रश्नाला होकार मिळाला तर साधी यंत्रणाही पुरेल. शेजाऱ्याचे नाव आठवेना म्हणून हा प्रश्नच विचारता आला नाही, तर मात्र तपकीर गल्लीतील कोणत्याही दुकानात त्यावर उपाय मिळणार नाही.