‘कोर्ट’ चित्रपट आणि प्रेक्षकाचें कर्तव्य

एखाद्या कलाकृतीस मानसन्मान लाभला म्हणजे दोन प्रकारचे लोक दिसूं लागतात. पारितोषिक मिळालें म्हणून ती थोर म्हणणारे हे एक. आणि आपणांस कंटाळा आला म्हणून ती टाकाऊ ठरविणारे हे दुसरे. दोघेहि स्वतः नीट पाहण्याचे श्रम वांचवितात. श्री. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ ह्या चित्रपटावरून ह्याचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

ह्या चित्रपटास सन २०१४ मध्यें व्हेनिस येथील महोत्सवांत दोन पारितोषिकें मिळालीं. पुढें सन २०१५ मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारहि त्यास लाभला. टीकाकारांनीं त्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली. उलट, “ह्यांत कांहींच घडत नाहीं,” असा आक्षेप कित्येक प्रेक्षकांच्या तोंडून ऐकूं येतो.

खरेंच कांहीं घडत नाहीं काय? नारायण कांबळे ह्या वृद्ध लोकशाहिरावर आरोप येतो कीं, त्याचें गाणें ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानें आत्महत्या केली. खटला तारखांमागून तारखा चालतो. कॅमेरा बहुधा एका जागीं स्थिर राहतो. जणूं मागच्या बांकावर बसलेला साक्षीदारच. अमुक ठिकाणीं रडा, तमुक ठिकाणीं संतापा, असें तो सांगत नाहीं. बाह्या नसलेला पोशाख केला म्हणून एका स्त्रीचें प्रकरण न्यायाधीश त्या दिवशीं ऐकत नाहींत. तेंहि तो निमूटपणें दाखवितो. सरकारी वकीलबाई सायंकाळीं लोकलनें घरीं जातात, स्वयंपाक करितात. त्या दुष्ट नाहींत; आपणांसारख्याच आहेत. येथेंच ह्या कृतीची खरी धार आहे.

मृताची पत्नी साक्ष देते तो प्रसंग पाहा. गटारांत विषारी वायु आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून तो आधीं खडा टाकी आणि झुरळें बाहेर येतात कीं काय हें पाही. हें ती साध्या शब्दांत सांगते. पार्श्वसंगीत नाहीं, आक्रोश नाहीं. संरक्षक साधनांवांचून माणसास गटारांत उतरविण्यास सन २०१३ च्या कायद्यानें बंदी केली आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ती शांतता अधिकच बोचते.

कोणी म्हणतात, आपलीं उणीं परक्यांपुढें कां मांडावीं? आमचें उत्तर असें कीं, आरशावर रागावून मुखावरील डाग जात नाहीं. परंतु टीकाकारांच्या स्तुतींतहि एक धोका आहे. “संयत”, “सूक्ष्म”, “रेखीव” अशीं विशेषणें उधळतां उधळतां त्या मृत कामगाराचा विसर पडला, तर स्तुति आणि उपेक्षा ह्यांत अंतर तें काय उरलें? चौकट रेखीव आहे ती आपण तिच्यांतील माणसाकडे पाहावें म्हणून.

विद्यार्थ्यांनो, परीक्षण वाचा, परंतु आपलें मत त्यास गहाण टाकूं नका. कंटाळा आला तर तो चित्रपटाचा दोष कीं आपल्या उतावीळ दृष्टीचा, हें आधीं तपासा. पालकांसहि विनंति कीं, असा चित्रपट मुलांबरोबर पाहावा आणि घरीं त्यावर बोलावें. न बोलणाऱ्याचें दुःख ओळखण्याची संवय अशानेंच जडते, आणि ती रुपेरी पडद्यापेक्षां रस्त्यावर अधिक उपयोगी पडते.