टॉवेल कुणाचा, चादर कुणाची

संयुक्त राष्ट्रांनी 1967 हे आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हाचं घोषवाक्य होतं : पर्यटन हा शांततेचा पासपोर्ट. अर्धशतक उलटलं तरी ते वाक्य काही मरत नाही. गेल्या हिवाळ्यात हैदराबादेतल्या एका बहुभाषिक परिसंवादात एका सन्माननीय वक्त्यांनी त्याला नवे कपडे घालून पुन्हा उभं केलं. म्हणाले, युरोप एक झाला तो ब्रसेल्सच्या कचेऱ्यांत नव्हे, भूमध्य समुद्राच्या वाळूत. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकले, त्यांची नातवंडं आज एकाच बारमध्ये नाचतात. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी पोचेपर्यंत त्या टाळ्यांची लाज वाटू लागली होती, कारण तो बार कुठे आहे हे मला विचारायला हवं होतं.

मी तीस वर्षं जर्मन शिकवते. त्या भाषेच्या ओळखीवर, एका जुन्या सहकारी जोडप्याबरोबर मायोर्का बेटावर आठवडाभर राहून आले. पाल्मा शहराच्या आखाताचं पूर्वेचं टोक म्हणजे आरेनाल, ते जर्मनांचं. पश्चिमेला मागालुफ, ते ब्रिटिशांचं. मध्ये पाल्मा, आणि तासाभराचाही रस्ता नाही. आरेनालच्या किनाऱ्यावरच्या सहाव्या टपरीला स्पॅनिशमध्ये ‘बाल्नेआरिओ’ म्हणतात. जर्मन जिभेवर त्याचं ‘बालरमान’ झालं आणि तेच पुढे सगळ्या वस्तीचं नाव होऊन बसलं. तिथल्या एका गल्लीला लोक बिअरगल्ली म्हणतात, दुसरीला हॅमगल्ली. पाट्या जर्मन, गाणी जर्मन, सॉसेज जर्मन. जर्मनीत तर या बेटाला थट्टेनं देशाचं सतरावं राज्य म्हणतात. तिकडे मागालुफच्या पुंता बायेना रस्त्यावर सकाळी बेकन, अंडी, बीन्सची इंग्रजी न्याहारी आणि संध्याकाळी पडद्यावर इंग्रजी फुटबॉल. हेझल अँड्र्यूज या अभ्यासक नव्वदच्या दशकात तिथे जाऊन राहिल्या आणि तिथल्या ब्रिटिशांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. घर सोडून आलेली माणसं तिथे घरच कसं उभं करतात, ते त्यात सापडतं. क्रीटवरही तीच तऱ्हा : मालिया ब्रिटिशांचं, शेजारचं हेर्सोनिसोस डच तरुणांचं.

थोडक्यात, ही राष्ट्रं तिथे गुण्यागोविंदानं नांदतात, कारण ती भेटतच नाहीत. वाडे वेगळे, पाणवठे वेगळे. आपल्या गावांची रचना ठाऊक असलेल्या माणसाला हे ओळखायला वेळ लागू नये.

यावर दुसऱ्या बाजूचे शहाणे लगेच सरसावतात. त्यांचं म्हणणं, हा स्वभावाचा भाग. ब्रिटिश पिऊन दंगा करणार, जर्मन पहाटे उठून पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून येणार, इटालियन आरडाओरडा करणार. या टॉवेलच्या विनोदावर ब्रिटनमध्ये जाहिराती निघाल्या आणि आपल्याकडची इंग्रजी वाचणारी मंडळीही तो मिटक्या मारत सांगतात. मला हा विनोद आता सहन होत नाही. स्वभाव वगैरे काही नाही, हा धंद्याचा हिशोब आहे. 1950 साली व्लादिमिर राइट्झ या उद्योजकानं लंडनहून विमान भरून माणसं कोर्सिकाला नेली आणि तंबूंत उतरवली. विमान, निवास, जेवण एकाच पैशात. पुढे हीच पद्धत वाढली. सहल कंपन्या हॉटेलच्या खोल्या हंगामाआधी घाऊक घेतात आणि आपल्याच देशातल्या विमानतळांवरून गिऱ्हाईक आणून त्या भरतात. ज्या देशाचं गिऱ्हाईक, त्या देशाची न्याहारी. एका खोलीत दोन भाषा बोलणारे आले तर खर्च वाढतो, एकच आली तर कमी होतो. माणसांची ही वर्गवारी विमानात बसण्याआधीच झालेली असते, आणि मग आपण त्या वर्गवारीलाच राष्ट्राचा स्वभाव म्हणतो.

दारूचंही तेच. पाल्माच्या सोन एस्पासेस रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी 2010 ते 2015 या काळात बाल्कनीतून पडून आलेल्या 46 रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक ब्रिटिश होते आणि जवळजवळ सगळे प्यायलेले. वर्तमानपत्रांनी त्यातलं ‘ब्रिटिश’ उचललं. स्वस्त दारू पाजत एका बारमधून दुसऱ्यात नेणाऱ्या सहली विकत कोण होतं, हा प्रश्न मागे राहिला. बेटांच्या सरकारला मात्र तो कळला असावा. त्यांनी 2020 मध्ये मागालुफ, आरेनाल आणि इबिझातलं सांत आंतोनी या ठिकाणी अशा सहली आणि स्वस्त दारूच्या जाहिराती बंद केल्या, ‘सगळं पैशात आलं’ छापाच्या हॉटेलांतही माणशी दिवसाला सहाच पेले ठरवले. कायद्यात नकाशा आहे आणि पेल्यांची संख्या आहे, कुठल्या देशाचं नाव नाही. आपल्या विनोदवीरांपेक्षा कायदा शहाणा निघाला.

गोव्याबद्दल बोलताना आपणही हेच करतो. मोरजीला रशियन पाट्या दिसल्या की रशियनांचं आक्रमण, कळंगुटला रस्त्यात बाटल्या फुटल्या की दिल्लीवाले. किनाऱ्यावरची जागा कुणी कुणाला विकली याची चर्चा चहा संपेपर्यंतही टिकत नाही.

आणि सगळ्या राष्ट्रांना खरोखर भेटतात ती माणसं या चर्चेत कुठे असतात? 2023 मध्ये बालेआरिक बेटांवर पावणेदोन कोटींच्या वर पाहुणे आले. राहणारी वस्ती बारा लाखांच्या आसपास. एवढ्यांच्या चादरी कुणीतरी बदलल्या. स्पेनमध्ये हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बायकांनी आपल्या संघटनेचं नाव ‘लास केलीस’ ठेवलं आहे; ‘साफ करणाऱ्या त्या’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचं ते लघुरूप. पाठी मोडल्या तेव्हा त्यांनी मागितलं काय, तर खाली-वर होणारे पलंग, म्हणजे गादी उचलताना दर वेळी वाकायला नको. 2022 च्या तिथल्या पर्यटन कायद्यात ते पलंग आले. भूमध्य समुद्राकाठच्या राष्ट्रमैत्रीवर कुणी पुस्तक लिहिणार असेल तर त्यानं या पलंगापासून सुरुवात करावी. इबिझात तर हंगामी कामगारांना भाडं परवडत नाही म्हणून ते गाड्यांत आणि तंबूंत झोपतात. ज्या बारमध्ये रात्रभर उभं राहायचं, त्या गावात त्यांना पाठ टेकायला जागा नाही.

आता माझं. आरेनालच्या बिअरगल्लीत आम्ही आठ जण एका लांब बाकावर बसलो होतो. माझ्या जर्मनचं कौतुक झालं होतं, ब्रिटिशांवरचे दोन विनोद मीही सांगितले होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. चमकणारे चष्मे आणि गुलाब विकणारा एक पोरगा आला. पंचविशीचा असेल. टेबलावरच्या लोकांशी जर्मन बोलला, मागच्या डच जोडप्याशी डचचे चार शब्द, वेटरशी स्पॅनिश. मग माझ्याकडे वळून पंजाबी वळणाच्या हिंदीत म्हणाला, “दीदी, आप इंडिया से?” शेजारच्यानं हसून मला विचारलं, तुमच्यातला का? मी जर्मनमध्ये म्हणाले, नाही, मी ओळखत नाही.

उत्तरात खोटं काही नव्हतं. व्याकरणही अचूक होतं.

त्या पोराला जर्मन समजत होतं, हे मला शब्द तोंडातून निघाल्यावर आठवलं. तो काही बोलला नाही. माझ्यासमोरचा गुलाब त्यानं उचलून परत गुच्छात खोचला, पुढच्या टेबलाशी गेला आणि तिथे इटालियन बोलू लागला.