आधी हिशेब दाखवा

मागच्या वर्षी जून महिन्यात, ऑफिसात जेवणाचा डबा उघडताना फोनवर एक मेल आला. विषय होता, 'जादा वेतनाची वसुली'. पाठवणारी माझी जुनी कंपनी. तिथली नोकरी सोडून मला अकरा महिने झाले होते. मजकूर चार ओळींचा: बंगळुरूहून हुबळीला बदली झाल्यावर तुमचा शहर भत्ता बंद व्हायला हवा होता, तो चुकून 14 महिने चालू राहिला, सबब 84,000 रुपये सात दिवसांत भरावेत, अन्यथा कायदेशीर कारवाई होईल आणि आपल्या सध्याच्या कंपनीस कळवण्यात येईल.

डबा तसाच बंद केला. पगारपत्रकावर दर महिन्याला दहा-बारा रकाने यायचे, मी फक्त शेवटचा आकडा बघायचे. घरी किती पाठवायचे, खोलीभाडं किती, धाकट्या भावाची फी किती, हे त्या शेवटच्या आकड्यावर ठरायचं. वरच्या रकान्यात कोणता भत्ता का आला, हे विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रात्री मी आईचं मंगळसूत्र गहाण ठेवलं तर बँक किती देईल याची चौकशी केली. दोन मैत्रिणींना उसने मागितले. आणि माफीचा मेल लिहायला घेतला. तीन परिच्छेद लिहून झाल्यावर लक्षात आलं, की चूक कंपनीच्या पगार विभागाची आहे आणि माफी मी मागते आहे.

हे का होतं, ते आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. 'कोट्यातून आलेली' हे वाक्य कॉलेजात ऐकलेलं असतं. नोकरीत कुणी बोलून दाखवत नसलं तरी ते कुठेतरी लिहून ठेवलंय असं वाटत राहतं. अशा वेळी 'तुमच्याकडे आमचे पैसे आहेत' असं कुणी म्हटलं, की आपल्या कानाला 'तुम्ही चोर आहात' असं ऐकू येतं. मग रक्कम बरोबर आहे का, हा प्रश्न सुचतच नाही. कधी एकदा भरून मोकळी होते, एवढंच डोक्यात असतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "देऊन टाक बाय. कुणाचं मिंधं ऱ्हाऊ नगंस." बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाकडून एका जुन्या कागदाचा फोटो काढून मला पाठवला.

बाबा सोलापूर जिल्हा परिषदेत शिपाई होते. 2017 साली निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक पडताळणीला गेलं, तेव्हा कुणाला तरी दिसलं, की पंधरा वर्षांपूर्वी त्यांना एक वेतनवाढ चुकीची लागली होती. तेव्हापासूनची सगळी रक्कम ग्रॅच्युइटीतून कापली गेली, एक लाख बारा हजार रुपये. बाबांनी 'वसुलीस माझी हरकत नाही' अशा कागदावर सही केली, कारण सही केल्याशिवाय पेन्शनची फाईल पुढे जाणार नाही, असं त्यांना टेबलावरच्या बाबूंनी सांगितलं होतं. तोच हा कागद. घरात या वसुलीबद्दल कधी चर्चा झाली नव्हती. मला वाटायचं, ग्रॅच्युइटी तेवढीच मिळते.

त्या कागदामुळे मी पहिल्यांदा कायदा वाचायला बसले, आणि जे वाचलं त्याने माझी झोप दुसऱ्याच कारणाने उडाली. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी 'पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह' या प्रकरणात सांगितलंय, की सरकारी कर्मचाऱ्याला चुकून जादा पगार दिला गेला असेल, तर काही परिस्थितींत त्याची वसुली करता येणार नाही. कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल; तो निवृत्त झाला असेल किंवा वर्षभरात होणार असेल; जादा रक्कम वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ दिली जात असेल; त्याच्याकडून वरच्या पदाचं काम करून घेऊन त्या पदाचा पगार दिला गेला असेल; किंवा वसुली फार जाचक ठरत असेल. बाबा यातल्या पहिल्या तिन्ही परिस्थितींत बसत होते. निकाल लागून दोन वर्षं उलटून गेली होती. जिल्हा परिषदेच्या त्या टेबलावर तो कुणी उच्चारला नाही, आणि तो असतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

पण हा निकाल वाचून मी लगेच कंपनीला 'एक पैसा देणार नाही' असं लिहिलं असतं, तर तीही चूकच ठरली असती. हा दिलासा सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांतला आहे, आणि तोही हक्क म्हणून दिलेला नाही. 2022 च्या 'थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य' या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं, की कर्मचाऱ्याला होणारा जाच टाळण्यासाठी न्यायबुद्धीने दिलेली ही सवलत आहे. पैसे जादा येताहेत हे कर्मचाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्याने खोटी माहिती दिली असेल, तर ती मिळत नाही. खासगी नोकरीत तर भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 72 सरळ आहे: चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात.

म्हणून चळवळीतल्या एका मित्राने 'आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबून जे दिलंय त्यात हे वळतं करून घे' असा सल्ला दिला, तेव्हा तो मला पटला नाही. त्याचा राग मला समजतो. माझा आजा करमाळा तालुक्यात येसकरकी करायचा, आणि त्याच्या राबण्याची किंमत खळ्यावर कुणी किती टाकेल त्यावर ठरायची. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यात कामाचा मोबदला ठरलेला असावा ही मागणी होती. कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. त्या न दिलेल्या मजुरीची वसुली कुणी केली नाही, हे खरंच आहे. पण ती लढाई एका कंपनीचे पैसे बुडवून जिंकता येत नाही. बाबासाहेबांची मागणी हिशेबाची होती. मला जे येणं आहे ते मोजून द्या, म्हणजेच मला जे देणं आहे तेही मोजून घ्या.

मोजायला कशी सुरुवात करायची, हे मला ज्याच्याकडून कळलं ती गोष्ट मी विसरणार नाही. माझ्याबरोबर हुबळीला बदली झालेल्या एका सहकाऱ्यालाही हाच मेल आला होता. पुण्याचा मुलगा, काका चार्टर्ड अकाउंटंट, मावसबहीण वकील. मी मंगळसूत्राचा भाव काढत होते, त्याच संध्याकाळी त्याने कंपनीला चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं: महिनावार तक्ता द्या, भत्ता बंद करण्याचा नियम किंवा पत्र दाखवा, अंतिम हिशेबाची प्रत द्या. ना घाबरणं, ना माफी. मी विचारल्यावर त्याने ते उत्तर मला पाठवूनही दिलं. मुलगा चांगला आहे. पण त्याच्या घरात जेवताना जे ज्ञान फुकट मिळतं, ते माझ्या घराला एक लाख बारा हजारांना पडलं होतं. जात म्हणजे फक्त पाणवठा आणि आडनाव नव्हे. अडचणीच्या संध्याकाळी तुम्ही कुणाला फोन करू शकता, हीसुद्धा जात आहे.

मीही तसंच पत्र लिहिलं. तक्ता यायला तीन आठवडे लागले. मग मी बदलीचा आदेश काढून वाचला. त्यात लिहिलं होतं, पहिले तीन महिने बदली तात्पुरती समजली जाईल आणि भत्ता चालू राहील. म्हणजे 18,000 रुपये माझेच होते. माझ्या 11 शिल्लक रजांचे 17,600 रुपये कंपनीने दिलेच नव्हते. 84,000 मधून हे दोन्ही वजा केल्यावर उरले 48,400. ते मी मान्य केले आणि दरमहा 4,400 प्रमाणे 11 हप्ते मागितले. कंपनीने आठ दिवसांत होकार दिला. पहिला मेल पाठवताना ज्यांना सात दिवस पुष्कळ वाटत होते, त्यांनाच अकरा महिने चालले.

अशी मागणी तुमच्याकडे आली, तर मी शिकले ते एवढं. फोनवर काहीही कबूल करू नका, लेखी मागा. पगारपत्रकं, बदलीचे आदेश, राजीनाम्याचा मेल नोकरी सोडण्याआधीच स्वतःकडे उतरवून ठेवा, नंतर ऑफिसचा मेल बंद होतो. पगारातून आयकर कापला गेला असेल, तर तुमच्या हातात आली ती कर वजा जाता रक्कम; कंपनी करासकट पूर्ण रक्कम मागत असेल, तर आधी त्या कराचं काय करणार ते विचारा. नोकरीत असताना कंपनी पगारातून जादा रक्कम कापू शकते, पण वेतन कायद्यानुसार सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्याच्या पुढे जाऊ नयेत. नोकरी सोडल्यावर चुकून दिलेल्या पगाराचा वाद हा दिवाणी वाद असतो. तुम्ही काही लबाडी केली नसेल, तर पोलिसांच्या नावाला घाबरू नका. दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण ती चूक उघडकीस आल्यापासूनही मोजली जाऊ शकते, म्हणून गप्प बसणं हा उपाय नाही. आणि वकील परवडत नाही म्हणून सही करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, 15100 हा त्यांचा फोन क्रमांक आहे.

माझा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला. कंपनीकडून 'देणं बाकी नाही' असं पत्र मागून घेतलं आणि बाबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, आता तुमच्या कागदाचं बघूया, सोलापूरला प्राधिकरणात जाऊन विचारू. ते म्हणाले, "आता कशाला? सही तर मीच केली न्हवं का?" अशी सही केलेल्यांची वाट न्यायालयात अवघड होते, हे मी वाचलंय, त्यामुळे खोटी आशा मी त्यांना दिली नाही. पण कुणी सांगितल्यामुळे केली आणि का केली, हे तरी एकदा कागदावर यावं, असं मी म्हटलं.

परवा त्यांनी सेवापुस्तकाची झेरॉक्स मागवायला अर्ज केला. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, मी फक्त तारीख टाकली.