तीच ओळ, दुसरी नजर

'तू तर आधी वेगळेच म्हणत होतास!' असे कोणी म्हटले की आपण ओशाळतो. मत बदलणे म्हणजे शब्द फिरवणे, असे आपल्याला वाटते. मला मात्र हे पटत नाही. साक्षीला मी फैज अहमद फैज यांची एक नज्म आणतो.

फैज यांचा जन्म १९११ साली सियालकोटला झाला. १९३५ पासून ते अमृतसरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. तेथे पुरोगामी विचारांच्या लेखकांशी त्यांचा स्नेह जुळला. १९४१ साली 'नक्श-ए-फरियादी' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी ही नज्म आहे. पूर्वीच्या प्रेमाची अपेक्षा ठेवू नकोस, अशी विनवणी कवी तीत प्रेयसीला करतो.

नववीत असताना मी ती नूरजहाँ यांच्या आवाजात, शेजारच्यांच्या कॅसेटवर ऐकली. मला वाटले, प्रेमभंगाचे गाणे असावे. (त्या वयात सगळीच गाणी प्रेमभंगाची वाटतात!)

माझे अब्बा यंत्रमागावर काम करत. रात्रपाळी करून आले की त्यांच्या भुवयांवर सुताचे पांढरे तंतू दिसत. ते मी रोज पाहत होतो आणि तरी पाहत नव्हतो. एका ईदेला दुकानात नव्या कापडावर हात फिरवताना एकदम त्या भुवया आठवल्या. मग ती नज्मही आठवली. रेशीम, अतलस आणि किनखाब तिच्यातही आहेत. (उर्दूतला कमख्वाब मराठीत किनखाब झाला.) पण कवीला त्या भरजरी वस्त्रांमागे शतकांचा अंधार दिसतो आणि बाजारात विकली जाणारी, धुळीने माखलेली माणसे दिसतात.

आता गंमत पाहा. प्रेम खोटे होते, असे कवी कुठेच म्हणत नाही. प्रेयसीचे रूप आजही मोहक आहे, हे तो कबूल करतो. फक्त त्याची नजर त्या माणसांकडेही जाते आणि ती त्याला परतवता येत नाही. जुने मत पुसून टाकणारा कवी मला खरा वाटत नाही. फैज जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

आणि शेवट? शेवटी पहिलीच ओळ पुन्हा येते. तिचा एक शब्दही बदललेला नसतो. पण आरंभी जी प्रियकराची तक्रार वाटली होती, ती आता सगळे पाहून आलेल्या माणसाची लाचारी वाटते. तुम्ही ती नज्म मोठ्याने वाचा आणि दोन्ही वेळी तुमचा आवाज सारखाच लागतो का, ते पाहा.

अब्बांनी आता काम सोडले आहे. कापडाच्या दुकानात मी अजूनही आधी रंगच पाहतो. मग कापड उलटून विणकाम पाहतो.