मुंबई 'झेपणं' म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. "मामा, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला येतोय. मी, आई आणि आजी. प्लॅन करून द्या ना."

आजी म्हणजे माझी आई. वय वर्षं ६८. मुक्काम पोस्ट नवापूर, जिल्हा नंदुरबार. मी मुंबईत नोकरीला लागून अठरा-एकोणीस वर्षं झाली, पण तिने अजून मुंबई पाहिलेली नाही. का नाही पाहिली ते शेवटी सांगतो. त्यात माझी लाज आहे, म्हणून आधी दुसऱ्यांना शिव्या घालून घेतो. :)

तर सवयीप्रमाणे ऑफिसातल्या मित्रांना विचारलं. इंजिनियर मंडळी! अर्ध्या तासात सल्ल्यांचा ढीग. पण नीट पाहिलं तर सगळे मिळून तीनच प्रकारचे.

प्रकार पहिला, एक्सेल शीट. दोन दिवस, अकरा ठिकाणं. गेटवे, ताज (बाहेरून), मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू, वांद्र्याला नटांचे बंगले (तेही बाहेरूनच)... प्रत्येक ठिकाणाला चाळीस मिनिटं. म्हणजे ६८ वर्षांच्या बाईने दोन दिवस टॅक्सीतून चढायचं आणि उतरायचं. शिवाय घारापुरी सोमवारच्या खान्यात आणि राणीची बाग बुधवारच्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, हे शीट बनवणाऱ्याला माहीतच नाही. कसं असेल? तो स्वतः बारा वर्षांत दोन्हीकडे गेलेला नाही.

प्रकार दुसरा, इशारे. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, विरार फास्टमध्ये चढू नका, कुणाला पत्ता विचारू नका, दारात उभं राहू नका, दारापासून लांबही राहू नका (उतरता येणार नाही). वाचून वाटावं की माणसं मुंबईला नाही, लढाईला चाललीत.

आणि प्रकार तिसरा, एकाच वाक्याचा. "वयस्कर माणसाला कशाला आणतोस? मुंबई सगळ्यांना झेपत नाही रे."

पहिल्या दोन्हींवर मी हसलो. तिसरं मात्र डोक्यात गेलं, आणि हा लेख त्या वाक्यावर आहे.

आधी नवापूरबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ते फक्त व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत पाहिलं असणार. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं रेल्वे स्टेशन आमचं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत, आणि मध्ये एक बाक ज्याच्यावर रेघ मारलेली आहे. बाकड्यावर बसून फोटो काढतात लोक. ती रेघ १ मे १९६० ची. ज्या दिवशी मुंबईसह महाराष्ट्र झाला त्याच दिवशी आमचा प्लॅटफॉर्म दोन राज्यांत वाटला गेला. मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याची किंमत म्हणून नव्हे, पण त्याच हिशेबाच्या कागदावर नवापूरही आहे, एवढंच लक्षात असू द्या.

आता गंमत बघा. आमच्या राज्याची राजधानी मुंबई. पण रेल्वेने तिथे जायचं तर आधी दुसऱ्या राज्यात शिरायचं. व्यारा, बारडोली, सुरत, तिथून दक्षिणेला वळून नवसारी, वलसाड, वापी, आणि मग डहाणूच्या अलीकडे पुन्हा महाराष्ट्र. साधारण पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास आणि त्यातला मोठा भाग गुजरात. आणखी गंमत म्हणजे रेल्वेच्या कागदावर नवापूर हे पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागातलं स्टेशन, म्हणजे चर्चगेटचं भावंडच की! पण आमच्याकडे 'शहरात जाऊन येतो' म्हटलं की माणूस सुरतला गेलेला असतो. कापड सुरतेचं, डॉक्टर सुरतेचा. मुंबई लागते ती फक्त अडल्यावर.

हेच एक्सेलवाल्यांना कळत नाही. आमच्या बाजूच्या माणसाची पहिली मुंबई ट्रिप 'ट्रिप' नसतेच. कुणी पेशंट घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला येतो. कुणी फाइल घेऊन मंत्रालयात, कुणी इंटरव्ह्यूला. त्याला हाजी अली किती वाजता बघायचं हे नको असतं. कुठल्या स्टेशनला उतरायचं, रात्री कुठे पाठ टेकायची, बाईमाणसाला बाथरूम कुठे मिळेल, हे हवं असतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावच्या पेशंटची आणि नातेवाइकांची सोय होते, ही एक ओळ त्याच्यासाठी अकरा पॉइंटांच्या शीटपेक्षा मोलाची. टाटाच्या बाहेर फूटपाथवर झोपलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. ती पहिल्यांदाच मुंबईला आलेली असतात. कुठल्याही ट्रॅव्हल गाइडात ती नसतात.

आणि कुणी चालत येतो. मार्च २०१८ आठवतोय? नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, त्यात मोठ्या संख्येने आदिवासी होते, वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी. १८० किलोमीटर. त्यातल्या कितीतरी जणांनी मुंबई तेव्हा पहिल्यांदा पाहिली असणार. सोमय्या मैदानावर मुक्काम होता, सकाळी निघायचं होतं. पण दहावीची परीक्षा चालू होती. पोरांची अडचण नको म्हणून फोड आलेल्या पायांनी ही माणसं रात्रीतच चालत निघाली आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या खानदेशातले आदिवासी ठाण्याहून आझाद मैदानापर्यंत चालत आले.

आता सांगा, मुंबई कुणाला झेपत नाही म्हणालात?

थोडं आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. समजा तुम्ही एक अॅप्लिकेशन बनवलं. नवा युजर आला आणि त्याला लॉगिनचं बटणच सापडलं नाही. तुम्ही काय म्हणता? 'युजर बावळट आहे' असं मनात म्हणता खरं (म्हणतोच आपण!), पण बग तुमच्याच नावावर लागतो. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे उत्तर टेस्टर ऐकून घेत नाही. मुंबईबाबत मात्र आपण सगळे बिनदिक्कत हेच उत्तर देतो. मला कळतं, मग तुला का कळत नाही?

इंडिकेटर घ्या. गावाचं नाव एक-दोन अक्षरांत, स्लो की फास्ट ते एका अक्षरात. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते वाचता येतं. लेडीज डबा कुठे येणार? "चर्चगेट साइडला." चर्चगेट कुठल्या बाजूला आहे, हे नवापूरहून आलेल्या माझ्या बहिणीला कुणी सांगायचं? प्लॅटफॉर्म कुठल्या हाताला येणार हे कळून दाराकडे सरकेपर्यंत स्टेशन मागे गेलेलं असतं. रविवारी ब्लॉक असतो हे आपल्याला श्रावणात श्रावणी सोमवार असतो तसं पाठ आहे, पण पाहुणे नेमके रविवारीच येतात.

माझं आवडतं उदाहरण दादरचं. पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा, मध्य रेल्वेचा एक नंबर वेगळा. एकाच स्टेशनात एकाच नंबरचे दोन-दोन प्लॅटफॉर्म! "तीन नंबरला भेट" म्हटल्यावर दोन भाऊ दोन तीन नंबरांवर उभे. वर्षानुवर्षं आपण याला 'मुंबईची गंमत' म्हणत आलो. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने सरळ १ ते १४ असे सलग नंबर देऊन टाकले. संपला प्रश्न. नवी लाइन टाकावी लागली नाही, बोर्ड बदलावे लागले. म्हणजे जी गोष्ट आपण 'झेपली पाहिजे' म्हणून इतकी वर्षं लोकांच्या अंगावर ढकलत होतो, ती मुळात रंगाच्या डब्याने सुटणारी होती.

आता कुणीतरी म्हणेल, "अरे पण गर्दी तर खरी आहे ना? ती काय बोर्ड लावून जाणार आहे?" मान्य. गर्दी खरी आहे, आणि ६८ वर्षांच्या बाईला सकाळी नऊला अंधेरीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये कोंबणं हा गाढवपणा आहे. माझा राग गर्दीवर नाही. गर्दीच्या मिरवणुकीवर आहे. लटकत प्रवास केला, धक्के खाल्ले, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलं, याची आपण पदकं करून छातीला लावतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, वीसहून जास्त माणसं गेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडली, जीव गेले. ही सगळी रोज प्रवास करणारी, मुंबई 'झेपलेली' माणसं होती हो! झेपण्याचा आणि वाचण्याचा काही संबंध नाही. जे शहर त्याच्याच माणसांना झेपत नाही, त्याची शेखी पाहुण्यापुढे कशाला?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुंबईची माणसं यात खलनायक नाहीत. त्या २०१८ च्या मार्चमध्ये लोकांनी रस्त्यावर येऊन पाणी दिलं, बिस्किटं दिली, अनवाणी पायांसाठी चपला दिल्या. रोज लोकलमध्ये अनोळखी माणसाची बॅग हातोहात रॅकवर जाते. "कुणाला पत्ता विचारू नका" हा तर सगळ्यात खोटा सल्ला. बिनधास्त विचारा, पण एकाला नाही, दोघांना विचारा. मुंबईकर मदत करतोच. फक्त मदत करण्याआधी "पहिल्यांदा आलात का?" असं ज्या आवाजात विचारतो ना, तो आवाज तेवढा बदलला पाहिजे.

आणि तो आवाज मला चांगला ठाऊक आहे, कारण माझा स्वतःचाच तसा झालाय. आता लाजेची गोष्ट.

मी २००७ मध्ये इथे आलो. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २००६ मध्ये, देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नवापूरच्या पोल्ट्रीत. त्यामुळे गाव कुठलं सांगितलं की, "नवापूर? ते कोंबड्यांचं?" गोरेगावला एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो, सहा कॉट, एक नळ. पहिल्या महिन्यात दोनदा चुकीच्या गाडीत बसलो, एकदा मिरा रोडला पोहोचलो. लोक हसले. मग शिकलो, आणि शिकल्यावर मीही हसायला लागलो. आई दरवर्षी म्हणायची, "एकदा तुझी मुंबई बघते." आणि दरवर्षी मी म्हणायचो, "खूप गर्दी असते गं, तुला नाही झेपणार." दर दिवाळीला ठरलेलं उत्तर. वडील होते तेव्हा दोघांनी मिळून विचारलं होतं. ते २०१६ मध्ये गेले. मुंबई न बघता.

खरं कारण गर्दी नव्हतंच. आपण इथे किती लहान जागेत राहतो, कसे लटकत जातो, कुणाकुणाचं ऐकून घेतो, ते तिने बघू नये असं वाटायचं. 'तुला झेपणार नाही' म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःला काय झेपलेलं नाही ते लपवत असतो. निदान मी लपवत होतो.

म्हणून यावेळी प्लॅन मी केला नाही. आईला फोन लावून विचारलं, "तुला काय बघायचंय?"

म्हणाली, "तू पहिल्यांदा राहायचास ती खोली. मग समुद्र."

म्हटलं, "अगं ती चाळ पाडली. तिथे टॉवर उभा राहतोय."

"जागा तर आहे ना?"

तर प्लॅन असा. अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण. पहिल्या दिवशी नुसती विश्रांती आणि संध्याकाळी गोरेगावची 'जागा'. दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर निघायचं, भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौक. ती लाइन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे आणि जिन्याला लिफ्टचा पर्याय आहे. ज्या लढ्यामुळे आमच्या बाकड्यावर रेघ आली, त्यात जीव दिलेल्या शंभरावर माणसांचं स्मारक आईला दाखवायचंय. तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. कट्ट्यावर बसायचं, हवा तितका वेळ. घड्याळ नाही. अकरापैकी नऊ ठिकाणं राहणार आहेत, राहू देत.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच असतील, नवापूर नाही तर नांदेड, शहादा, चाळीसगाव. घरी कुणीतरी असं 'एकदा बघायचंय' म्हणणारं असेल. त्यांना एक्सेल पाठवू नका, इशारे तर नकोच. रजा टाका आणि स्टेशनवर घ्यायला जा. इंटरफेस खराब असेल तर हेल्पडेस्कला माणूस बसवतात, तसं स्वतः बसा. बाकी बोर्डांसाठी भांडणं, लिफ्टसाठी तक्रारी, तेही करूच, करायलाच हवं. पण तोपर्यंत आई थांबणार नाही.

असो. सुरतला गाडी बदलून ती तिघं बोरिवलीला उतरणार आहेत. भाचीकडून डबा नंबर घेऊन ठेवलाय. गाडी यायच्या अर्धा तास आधी मी प्लॅटफॉर्मवर असेन.