राणीचं डोकं कापणारे वारसदार

पुण्याजवळच्या आमच्या रहाटणीत गुंठ्याचा भाव विचारा, चहा येण्याआधी उत्तर मिळतं. त्याच गुंठ्याच्या, पणजोबांच्या काळातल्या खरेदीखतावर कुठला मुद्रांक आहे, एवढं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग एखाद्या दिवशी मोबाइलवर ‘राणीछाप स्टॅम्पपेपर, किंमत लाखांत’ असा निरोप येतो आणि माळ्यावरची पेटी खाली उतरते. राणीचा चेहरा कात्रीने चौकोनी कापला जातो, खालचं खत रद्दीत. डोकं कापायला डोकं लागत नाही, हे आमच्या गावाने सिद्ध केलं आहे.

व्हिक्टोरियाचा चेहरा म्हणजे दुर्मिळता नव्हे. खरेदी, गहाण, कर्जरोखा, सगळ्यालाच मुद्रांक लागायचा. सरकारने ते वसुलीसाठी ढिगाने छापले, तुमच्या चिरंजीवांच्या बुलेटसाठी नव्हे.

विलायतेतल्या उठावाच्या ठशांना तर चेहरा बघून हात घालूच नये. तिथे १६९४ पासून कागदावर बिनशाईचा ठसा दाबून कर घेत. चर्मपत्रावर उठाव टिकेना, म्हणून त्यावर निळ्या कागदाचा तुकडा डकवून धातूच्या पट्टीने जखडला आणि पट्टीची टोकं झाकायला मागे राजाच्या आद्याक्षरांची चिठ्ठी चिकटवली. असा ठसा तिरप्या उजेडात वाचायचा: आधी दर्शनी किंमत, मग ठशाचं अक्षर किंवा क्रमांक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुष्कळ ठशांत तारखेचे बारीक आकडेही सापडतात. मग कागद उलटा करायचा. पट्टी आणि चिठ्ठी उपटलेली असेल तर अर्धी ओळख तिथेच संपली. समोरून फ्लॅश मारून फोटो काढायचा आणि ‘कितीला जाईल?’ विचारायचं, हा शुद्ध आळस आहे. त्या फोटोत उठावच दिसत नाही.

आपल्याकडच्या मुद्रांकाचीही पाठ बोलकी. विक्रेत्याचा अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि गाव. कोल्हापूर, सांगली, भोर या संस्थानांचे मुद्रांक वेगळे; संस्थानी मुद्रांकांची केपल आणि मॅनर्स यांनी केलेली सूची जाणकार उघडतात. पण सूचीतला भाव कात्रीने कुरतडलेल्या तुकड्याला मिळत नाही.

आणि जमिनीच्या दाव्यांवर जगणाऱ्या गावाला हे तरी ठाऊक असावं: तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर तो खरा मानण्याची मुभा न्यायालयाला १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० ने दिली होती. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती शिल्लक आहे. कोट्यवधींच्या जमिनीचा पुरावा लाखाच्या आशेने कापणाऱ्याला मी गरीब म्हणणार नाही. त्याच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात.

घेणारेही कमी नाहीत. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने बँका आणि विमा कंपन्यांच्या गळ्यात नकली मुद्रांक मारले, २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला तेरा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्याच पुण्यात शिकलेसवरलेले लोक चहात बुडवून पिवळा केलेला कागद ‘शिवकालीन स्टॅम्पपेपर’ म्हणून चौकटीत लावतात. महाराजांनी स्टॅम्प वेंडर कधी नेमले, ते त्यांनाच माहीत.

जुनी कागदपत्रं जपणारं भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात १९१० पासून आहे. तिथवर जायला आमच्या वारसदारांना सवड नाही, रविवारच्या जुन्या बाजारात तुकडे घेऊन उभं राहायला आहे. तिथला मुरलेला विक्रेता तुकडा उलटा करतो, तसाच परत देतो आणि विचारतो, “बाकीचा कागद कुठंय?”