वर्तुळ वर्तुळच दिसावें

जी वस्तु मोठी ती चांगली, व जी जागा रिकामी ती वायां गेली, अशी आपणां सर्वांची एक सहज समजूत असते. ह्या समजुतीपायीं घरोघरीं रोज एक चूक होत आहे, व ती दिसते तितकी लहान नाहीं, हें सांगण्याकरितां मी वार्षिकाचीं हीं दोन पानें घेत आहें. विषय दूरचित्रवाणीच्या संचाचा आहे. परंतु विद्यार्थिमित्रांनो, शिक्षक पुनः एकदां ‘पाहूं नका’ म्हणणार, अशी धास्ती बाळगूं नका. पहा, पण नीट पहा, इतकेंच माझें म्हणणें आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं त्रेचाळीस इंची रुंद पडद्याचा नवा संच आला. पाठीमागें पोट असलेला जुना संच चांगलीं वीस वर्षें चालला होता. पहिल्याच रविवारीं दुपारीं एका वाहिनीवर आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट लागला. मुलांनीं तो पूर्वीं पाहिला नव्हता. तीं मन लावून पाहत होतीं. पडदा ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत भरलेला होता, आणि पैसे वसूल झाल्याचें समाधान माझ्या मनांत होतें. माझी आई मात्र थोड्या वेळानें म्हणाली, “ही बाई अशी नव्हती रे. हिचा चेहरा एवढा रुंद नव्हता.” आईचें वय झालें, डोळ्यांचें ऑपरेशन व्हावयाचें आहे, असें म्हणून आम्हीं तें हसण्यावारी नेलें.

पुढच्या आठवड्यांत बहिणीच्या १९९६ सालच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट पेन-ड्राइव्हवर उतरवून आणली होती, ती लावली. माझे वडील २००१ सालीं प्रभूच्या घरीं गेले. माझ्या मुलांनीं त्यांना पाहिलेलें नाहीं. वडील अंगानें अगदीं काटकुळे. त्यांचा कोट नेहमीं दुसऱ्याचा आणल्यासारखा दिसे. पडद्यावर ते दाराशीं उभे राहून पाहुण्यांचें स्वागत करीत होते. धाकटी मुलगी म्हणाली, “आजोबा चांगले जाडजूड होते कीं!” आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली व मग हळूच म्हणाली, “हे असे नव्हते.”

ह्या वेळीं कोणी हसलें नाहीं. मीं रिमोट हातांत घेतला व चित्राच्या आकाराची निवड शोधून काढली. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या आल्या, मधलें चित्र अरुंद झालें, आणि माझे वडील, होते तसे, समोर उभे राहिले.

हें काय घडलें, तें समजून घेण्याजोगें आहे. प्रत्येक चित्रास रुंदी व उंची यांचें एक प्रमाण असतें. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन या गृहस्थानें १८९० नंतर लवकरच चलच्चित्राची जी फीत सिद्ध केली, तिच्यांतील चित्र चार भाग रुंद व तीन भाग उंच असे. पुढें दूरचित्रवाणीनें तेंच प्रमाण उचललें. आपल्या देशांत दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं व मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी सुरू झाली, ती ह्याच ४:३ च्या चौकटींत. १९८२ सालीं रंग आले, पण चौकट बदलली नाहीं. १९८७ सालीं रविवारच्या सकाळीं जिनें रस्ते ओस पाडले, ती ‘रामायण’ मालिकाहि ह्याच चौकटीसाठीं घडविलेली.

चित्रपटांनीं मात्र मध्येंच वाट सोडली. घरच्या लहान पडद्यापाशीं बसलेला प्रेक्षक पुनः चित्रपटगृहांत यावा म्हणून हॉलीवुडनें, ‘श्यामची आई’ निघाला त्याच १९५३ सालीं, ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट दाखविला. त्याचा पडदा उंचीच्या अडीचपट रुंद होता. अशा रीतीनें जगांत अरुंद व अतिरुंद अशा दोन्ही प्रकारचीं चित्रें सांचलीं. १९८० नंतरच्या दशकांत कर्न्स पॉवर्स या अमेरिकन तज्ज्ञानें दोहोंच्या मधलें असें १६:९ हें प्रमाण सुचविलें, व तेंच आजच्या संचांचें प्रमाण झालें. गणिताच्या विद्यार्थ्यांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, चारचा वर्ग सोळा व तीनचा वर्ग नऊ. म्हणजे ही नवी चौकट मुळांतच एक तडजोड आहे. अरुंद चित्रास बाजूंस व अतिरुंद चित्रास वर-खालीं पट्ट्या येणार, हें धरूनच ती आंखलेली आहे. पट्टी दिसली म्हणजे संच बिघडला, असें नव्हे.

आतां हिशेब करूं. पडदा सोळा भाग रुंद व नऊ भाग उंच. नऊ भाग उंचीच्या जुन्या चित्राची खरी रुंदी बारा भाग. उरले चार, म्हणजे पडद्याचा एक चतुर्थांश. ह्या चार भागांचें काय करावें, यास तीन उत्तरें आहेत. पहिलें, ते रिकामे सोडावे. दुसरें, चित्र ओढून रुंद करावें. तेव्हां उंची तीच राहून रुंदी एक तृतीयांशानें वाढते, तीन इंचांचा चेहरा चार इंचांचा होतो, व बैलगाडीच्या चाकाचें अंडें होतें. तिसरें, ज्यास ‘झूम’ म्हणतात तें. त्यांत चेहरा शाबूत राहतो, पण वर-खालून मिळून चित्राचा एक चतुर्थांश कापला जातो, व माणसाचें कपाळ आणि तळच्या बातम्यांच्या ओळी पडद्याबाहेर जातात.

एक पालक मला म्हणाले, “सर, पैसे सगळ्या पडद्याचे दिले, मग पाव पडदा काळा कां ठेवावा?” प्रश्न रास्त आहे, त्याचें उत्तर दिलें पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें, पण अंथरूण लांब मिळालें म्हणून कोणी पाय ओढून लांब करीत नाहीं. आपण मुलांना वहीच्या पानावर समास सोडावयास शिकवितों; तो समास वायां गेलेला कागद नव्हे, त्याच्यामुळें मजकूर नीट वाचतां येतो. घरांतील वडिलांचा फोटो लहान व चौकट मोठी असली, तर आपण भोंवतीं पुठ्ठा लावितों. फोटो ताणीत नाहीं. चित्रकार व दिग्दर्शक यांनीं कोणास कोठें उभें करावयाचें, केवढी जागा मोकळी ठेवावयाची, हें त्या चौकटीकडे पाहूनच ठरविलेलें असतें. तें मोडण्याचा अधिकार आपणांस रिमोट विकत घेतल्यानें मिळत नाहीं.

दुसरी तक्रार अस्पष्टपणाची. “नव्या संचावर जुन्यापेक्षांहि वाईट दिसतें,” असें पुष्कळजण म्हणतात, व त्यांत तथ्य आहे. आपल्याकडील एस्. डी. पद्धतीच्या पूर्ण चित्रांत रुंदीकडून ७२० व उंचीकडून ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदु असतात. एच्. डी. पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदु, बरोबर पांचपट. उरलेले बिंदु संच शेजारच्या बिंदूंवरून अंदाजानें भरतो. अंदाज चतुर असूं शकतो, पण तो अंदाजच. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? त्यांतून पुष्कळ वाहिन्या एकत्र पाठवितां याव्या म्हणून चित्र दाबून पाठविलेलें असतें. त्याचे ठोकळे जुन्या लहान कांचेवर लपत, ते मोठ्या पडद्यावर उघडे पडतात. चित्र ताणल्यानें हा दोष जातो असें नाहीं, उलट वाढतो. उपाय सोपा आहे: खुर्ची मागें घ्यावी. एस्. डी. चित्र पडद्याच्या उंचीच्या सुमारें सहापट, व एच्. डी. सुमारें तिप्पट अंतरावरून पहावें. त्रेचाळीस इंची संचाची उंची सुमारें एकवीस इंच. तेव्हां जुन्या चित्रास साडेदहा फूट व नव्यास सव्वापांच फूट.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एस्. डी. म्हटलें कीं अरुंदच, असा नियम नाहीं. कांहीं वाहिन्या रुंद चित्रच एस्. डी. पद्धतीनें पाठवितात, तें पडदाभर पाहणेंच योग्य. कधीं रुंद चित्रपट अरुंद चौकटींत बसवून पाठवितात, आणि मग चारी बाजूंनीं काळें होऊन मध्यें टपालाच्या तिकिटाएवढें चित्र उरतें. तेथें ‘झूम’ वापरल्यास कांहीं जात नाहीं. आणि वाहिनीनेंच चित्र ओढून पाठविलें असेल, तर त्यास बाजूंनीं दाबून पूर्ववत् करण्याची सोय बहुतेक संचांत मिळते. पण तिनेंच तें वर-खालीं कापून पाठविलें असेल, तर गेलेला भाग परत आणणें आपल्या हातीं नाहीं. मग ओळखावें कसें? वर्तुळ शोधावें. भिंतीवरचें घड्याळ, सायकलचें चाक, सरळ समोरून दिसणारी थाळी. सर्वांत उत्तम म्हणजे २६ जानेवारीस व १५ ऑगस्टास दिल्लीहून जो समारंभ दाखवितात, त्यांत ध्वज वाऱ्यानें पूर्ण उलगडला कीं त्यावरील चोवीस आऱ्यांचें चक्र पहावें. तें गोल दिसलें तर तुमचा संच खरें बोलत आहे. न दिसल्यास संचाची निवड बदलावी. कित्येक घरीं ती संचांत नसून सेट-टॉप बॉक्समध्यें असते, तेथेंहि पहावें.

कोणी म्हणेल, चेहरा थोडा रुंद दिसला तर बिघडलें काय? माझें उत्तर असें आहे. पहिले चार दिवस ताणलेलें चित्र खटकतें. पांचव्या दिवशीं खटकत नाहीं. महिन्याभरानें खरेंच चित्र चुकीचें वाटूं लागतें. डोळा असा शिकतो. आमच्या घरीं तिघांचे डोळे चांगले असून फसले, आणि जिचे अधू, तिनें ओळखलें. कारण तिच्याजवळ ताडून पाहावयास खरी आठवण होती. तुमच्या पिढीजवळ आजोबा-पणजोबांची, जुन्या नटांची, गेलेल्या काळाची आठवण बहुधा चित्रांतूनच येणार आहे. ताडून पाहावयास दुसरें कांहीं असणार नाहीं. म्हणून तीं चित्रें तुमच्या हातून बिघडूं देऊं नका. जेवढें आलें तेवढेंच दाखवावें, उरलेली जागा प्रामाणिकपणें मोकळी ठेवावी. उत्तरपत्रिकेंतहि आम्ही शिक्षक हेंच मागत असतों.

तेव्हां पालकांस विनंती कीं, ह्या सुटींत एक सायंकाळ मुलांना जवळ बसवून घरच्या संचावर वर्तुळाची ही परीक्षा घ्यावी. आमच्या घरीं आतां ती रोजच होते. जुना चित्रपट लागला कीं आई चष्मा पुशीत प्रथम विचारते, “पट्ट्या आहेत ना रे?” आणि आहेत म्हटल्यावर निर्धास्त होऊन पाहूं लागते.